बंद घराचा आकडा

१

दुसऱ्यांच्या घरांत दिवा लावायचं काम उत्तमरावांकडे कुणी सोपवलं नव्हतं, ते आपोआप गळ्यात पडलं होतं. सुलतानपुरात त्यांच्या बोळीत आता राहती माणसं मोजकीच उरली होती. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी लेकाकडे शहरात, आणि निघताना जो तो किल्ली आणून उत्तमरावांच्या हातात देतो. "काका, संध्याकाळी तेवढा दिवा लावत जा." का, तर देवापुढे अंधार राहू नये. घर बंद असलं तरी सोडलेलं नाही, एवढं त्या घराला कळलं पाहिजे. आता घराला काय कळतं आणि काय नाही, याचा खल करत बसणारा माणूस उत्तमराव नव्हेत. लाव म्हणाले ना? लावायचा.

सत्तरी कधीच ओलांडलेला, काटक, थोडा तिरसट गडी. बायको मनकर्णाबाई गेली त्याला चार वर्षं झाली. शेत बटाईने दिलेलं, बैलजोडी विकलेली. एकुलता एक मुलगा प्रेम पुण्याला कंपनीत. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा.

"बाबा, किती दिवस एकटे राहणार? घराला कुलूप लावा आणि या इकडे."

उत्तमरावांचं उत्तरही ठरलेलं. "मी हाये तोवर ह्या घराले कुलूप लागत नाही."

ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. चढणारच. शेत गेलं, बैल गेले, मनकर्णा गेली. उघडं घर तेवढं राहिलं होतं, आणि ते आपल्यामुळे उघडं आहे, या एका गोष्टीवर म्हातारा सकाळी अंथरुणातून उठत होता.

२

पौषात पुण्याहून शरयू मॅडम आल्या. गावातली घरं किती धुरात राहतात, याचा अभ्यास करत होत्या. उत्तमरावांच्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या आणि साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी त्यांच्या हातावर ठेवली. आत इवलासा पंखा घुं घुं करायचा, वर आकडा दिसायचा आणि आकड्याशेजारी एक ठिपका. हवा चांगली असली की हिरवा, बिघडली की पिवळा, फारच बिघडली की लाल.

"स्वस्तातलं यंत्र आहे काका, पण हवेतला बारीकसा धूर, धूळ, सगळं पकडतं," मॅडम म्हणाल्या. "गळ्यात अडकवा. जाल तिथे न्या. झोपताना उशाशी ठेवा. आकडे आपोआप माझ्याकडे येतात."

घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची, ही रीत. उत्तमरावांनी डबीला हळदीकुंकू लावलं, दोन फुलं वाहिली आणि चांगली मूठभर उदबत्ती ओवाळली. ठिपका लाल झाला, आकडा दोनशेच्या पार गेला. पाचच मिनिटांत फोन.

"काका, घरात काही पेटलंय का हो?"

"नाही मॅडम. मशीनीची पूजा केली."

तिकडे हसू फुटलं. "अहो, गावात ज्यांना यंत्र दिलं त्या सगळ्यांनी तेच केलंय! माझे सगळे आकडे उदबत्तीचे आहेत! आता पुन्हा ओवाळू नका, हात जोडते."

उत्तमरावही पोट धरून हसले. मग फोन ठेवून कितीतरी वेळ डबीकडे बघत बसले. आपण घरात उदबत्ती लावली हे दूरवरच्या कुणाला तरी आज लगेच कळलं होतं. असं कितीएक वर्षांत झालं नव्हतं. त्यांना बरं वाटलं.

३

डबी गळ्यात घालून ते दिवे लावायला जाऊ लागले.

पहिलं घर हिंमतरावांचं. हिंमतराव कचेरीतून निवृत्त होऊन लेकाकडे नाशकाला गेले ते गेलेच. किल्ली देताना म्हणाले होते, "लावला तर लावा दिवा, नाहीतर राहू द्या." त्या घरात आकडा बारा. वात पेटवली की थोडा चढायचा, काही वेळाने पुन्हा बारावर येऊन बसायचा. बंद घराला शोभेलसा.

दुसरं घर बोळीच्या टोकाला, कडूबाचं. दोन खोल्या, वर पत्रे. कडूबा आणि त्याची बायको आशाबाई दिवाळी झाली की लेकराबाळांसकट ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उत्तमरावांनी कुलूप काढलं, दार लोटलं, आत पाय टाकला. आगपेटी अजून खिशातच होती. आणि गळ्यातला ठिपका हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल.

आकडा एकशे चाळीस.

ते मागे सरून बोळीत आले. आकडा उतरला. पुन्हा आत गेले, पुन्हा चढला. नाकाला वास म्हणाल तर कोंदट घराचा, दुसरा कसलाही नाही. त्यांनी चुलीत हात घातला. राख थंडगार. चुलीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. मागच्या दाराचा अडसर जागच्या जागी.

"दाराची धूळ उडाली असंल," ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. धूळच. दुसरं काय असणार? दिवा लावला, कुलूप घातलं, घरी येऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार अगदी हलक्या हाताने उघडलं. आकडा चढलाच. आणि या वेळी ते थांबून बघत राहिले. आकडा एका जागी ठरत नव्हता. आधी भराभर वर गेला, मग थोडा खाली, पुन्हा वर. पन्नास वर्षं मनकर्णेच्या चुलीपुढे ताट घेऊन बसलेला माणूस तो, त्याला हे चढउतार ओळखीचे वाटले. ओलं सरपण आधी धुपतं. मग फुंकणी. मग जाळ लागतो, धूर कमी होतो, तवा चढतो. थोडा वेळ असाच गेला आणि आकड्याने एकदम उसळी घेतली.

"फोडणी पडली," उत्तमराव पुटपुटले, आणि आपण काय बोललो हे कानावर पडताच त्यांनी दचकून चुलीकडे पाहिलं. समोर चूल थंड पडली होती. जाळ्यातला कोळी हलला नव्हता.

४

सकाळी उन्हात बसल्यावर माणसाला धीर येतो. त्यांनी कडूबाला फोन लावला.

"कडूबा, घराची दुसरी चाबी हाये का रे कोणापाशी?"

"नाही बा. एकच हाये, ते तुमच्यापाशी. काऊन, काही झालं का काका?"

"काही नाही. धुरावानी वाटते तुह्या घरात."

कडूबा तिकडे हसला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी हाका मारत होतं. "घ्या! आमची आशी बी तेच म्हणते. दिवेलागणीले पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी बसते गावाकडं तोंड करून. म्हणते, माही चूल पेटली आता. म्या म्हणलं, तू इथं अन् चूल तिथं, कोण पेटवून राह्यलं वं? तं म्हणते, मीच."

उत्तमरावांची नजर बोळीच्या टोकाकडे गेली.

"तुम्ही मनावर नका घेऊ काका. दिवसभर कोयता चालवून माणूस येडं होते. दिवा लावता ना?"

"हाव. लावतो."

फोन ठेवला तरी ते ओट्यावरून उठले नाहीत. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या मागून दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते भीतीहून वाईट होतं. दिवेलागणीला माझ्या घराकडे तोंड करून कोण बसत असेल? मनकर्णा बसली असती. प्रेमच्या पुण्याच्या घरात त्या वेळी टीव्ही लागतो. ते मागच्या वेळी गेले होते तेव्हा बघितलं होतं त्यांनी, सगळे आपापल्या मोबाइलात आणि मधे टीव्ही बोलतोय.

"कामं पडली अजून," असं म्हणून ते उठले. कामं कसली, डोंबल! बादली भरायची होती, झालं.

५

शहाण्या माणसाने कडूबाच्या घरात पाऊल टाकलं नसतं, किंवा दिवा लावून पळ काढला असता. उत्तमराव तिथे बसू लागले. आधी उंबऱ्यावर, मग आत, मग चुलीपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून. दिसत काही नव्हतं, ऐकू काही येत नव्हतं. नुसता आकडा चढायचा, उतरायचा, आणि त्यांना कळायचं, भाकरी चालू आहे, आता कालवण, आता निखारे ओढले. एका घरात माणसं जेवायला बसणार आहेत, एवढं त्यांना पुरत होतं. तिथून उठून आपल्या घरात यायचं म्हटलं की पाय जड व्हायचे.

एका सकाळी शरयू मॅडमचा फोन आला.

"काका, यंत्र घरात ठेवता ना तुम्ही?"

"गळ्यातच हाये. उशाशी घेऊन झोपतो."

"मग हे विचित्रच आहे. दिवसभर, रात्रभर सपाट रेष. बारा म्हणजे बारा. आणि संध्याकाळी तेवढा एक डोंगर. सुरुवातीला तुमच्या घराचे आकडे छान हलत होते. आता... कसं सांगू, बंद घराचे असतात ना, तसे दिसतायत."

"बंद घर?" उत्तमराव ओरडलेच. "ओ मॅडम, मी हाये ना घरात! जित्ता माणूस!"

"अहो, रागावू नका काका. यंत्र बिघडलं असेल. मी पुढच्या महिन्यात आले की बदलून देते."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांनी तिथल्या तिथे चूल पेटवली, मुद्दाम ओल्या काड्या घातल्या. धूर घरभर झाला. तव्यात तेल टाकून मूठभर मिरच्या टाकल्या. असा ठसका उठला की डोळ्यांना धारा लागल्या, खोकून खोकून कंबर धरली. डोळे पुसत डबी तोंडापुढे धरली.

बारा. ठिपका हिरवा.

६

मशीन बिघडलं आहे. एवढं सिद्ध झालं की झालं, म्हणून ते भागवतच्या पिठाच्या गिरणीवर गेले. भागवत बोळीतलाच, जिभेने तिखट, पण माणूस मायेचा.

"आणा इकडं," म्हणत भागवतने विडीचा झुरका घेतला आणि धूर डबीवर सोडला. ठिपका लालभडक, आकडा तीनशेच्या वर. "टकाटक हाये तुमची मशीन! काय रडता काका, तुमच्या घरची हवाच चोखी असंल. पुण्याची माणसं पैसे देऊन असली हवा खातात."

"तू चाल माह्यासोबत."

"आत्ता? दळण पडलं हाये."

"चाल म्हणलं ना."

म्हाताऱ्याचा चेहरा बघून भागवत मुकाट निघाला. उत्तमरावांनी चूल पेटवली, चहा ठेवला, डबी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. धूर निघाला तसा आकडा हलला. वीस, पन्नास, नव्वद. ठिपका पिवळा झाला, लाल झाला.

"हे पाहा! हलला का नाही?" भागवत म्हणाला. "उगा जिवाले घोर लावून घेता. एकटं राहून राहून असं होते माणसाचं. प्रेमकडं जाऊन या चार दिवस."

उत्तमरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्याला दुसरा कप पाजला, मनकर्णेची आठवण काढली, बटाईदाराला शिव्या घातल्या. मग भागवत उठला. गिरणी उघडी होती. त्याने चप्पल घातली, उंबरा ओलांडला, आणि चुलीजवळचा आकडा घसरला. नव्वद, चाळीस, वीस, बारा.

चूल अजून धुपत होती. धूर त्यांना दिसत होता, घशात बसत होता.

"भागवत!"

भागवत बोळीतून वळला. "काय हो काका?"

काय सांगणार? की तू होतास तोवर या घरात माणूस होता?

"काही नाही," उत्तमराव म्हणाले. "जा."

७

त्या आठवड्यात रविवारची वाट न बघता प्रेमचा फोन आला.

"बाबा, या शनिवारी गाडी घेऊन येतोय मी. हट्ट पुरे. घर बंद करू, किल्ली भागवतदादाकडे ठेवू. तो लावेल दिवा."

नेहमीचं वाक्य उत्तमरावांच्या तोंडापर्यंत आलं. मी हाये तोवर. तिथेच अडकलं. त्यांची नजर डबीवर होती.

"बाबा? ऐकताय ना?"

"हाव."

"मग?"

"पाहू," उत्तमराव म्हणाले.

प्रेमला केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांत 'पाहू' पहिल्यांदाच आलं होतं. तो पुष्कळ बोलत राहिला, खोलीबद्दल, दवाखान्याबद्दल. फोन बंद झाला तेव्हा उत्तमरावांच्या मनाला लागलं, की आपण आत्ता आपल्या तोंडाने घर अर्धं बंद केलं.

नाही, असं चालायचं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, आज दिवे लावायला जायचंच नाही. आज आपल्या घरात बसायचं, आकडा हलेपर्यंत. त्यांनी देवापुढे समई लावली, चूल पेटवली, दार सताड उघडं टाकलं आणि डबी मांडीवर घेऊन बसले.

"मी हाये," ते घराला म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, मोठ्याने. "मी हाये ना बाप्पा इथं!"

बारा.

भिंतीवर मनकर्णेचा फोटो होता. कोपऱ्यात तिचा पाट उभा होता. सगळं जागच्या जागी आणि सगळं असं गप्प, की त्यांना आपल्याच श्वासाचा आवाज नकोसा झाला. म्हातारा रडला त्या वेळी. कुणी बघत नव्हतं, म्हणून चांगलं घळाघळा रडला.

तेवढ्यात वास आला. आजवर नुसता आकडा होता. आज बोळीच्या टोकाकडून भाकरीचा वास आला, पदर सुटलेल्या, निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीचा.

"दिवा तेवढा लावून येतो," त्यांनी घराला सांगितलं. कुणालाही कळावं की आत माणूस आहे, म्हणून दार तसंच सताड उघडं ठेवलं, समई जळती ठेवली, आणि निघाले.

कडूबाचं कुलूप काढलं. आत अंधार. आगपेटी खिशात होती, पण त्यांना ती काढावीशी वाटली नाही. उजेड केला असता तर थंड चूल दिसली असती, कोळ्याचं जाळं दिसलं असतं. ते चाचपडत भिंतीशी गेले, आपल्या रोजच्या जागेवर बसले. डबी गळ्यात लाल झाली होती. आकडा त्यांनी वाचलाच नाही.

गुडघ्यांना ऊब लागली.

डबीच्या लाल उजेडात चुलीपुढची हातभर जमीन दिसत होती. तिथलं सारवण ओलं होतं. नुकतंच हात फिरवलेलं, बोटांच्या ओळी अजून मऊ. आणि ओल्या सारवणापलीकडे, उजेड संपतो तिथे, एक मनगट परातीवर खालीवर होत होतं. बांगड्या होत्या, कोपरापर्यंत पीठ होतं. वर चेहरा असायला हवा होता, तिथवर उजेड पोचत नव्हता. शेजारी अंधारात लहान पोरं जेवताना करतात तशी चुळबुळ चालली होती.

उत्तमरावांनी डोळे मिटले नाहीत. भीती गेली नव्हती, आणि तरी गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पोटातून भूक लागली होती.

तेव्हा बोळीत आवाज झाला. त्यांच्या घराकडून. दार ओढून घेतल्याचा, मग कडी चढवल्याचा. कडीचा तो आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता. मग कुलूप. खटका नीट बसेना, कुणीतरी पुन्हा दाबला, आणि बसला. ओट्याच्या पायऱ्या कुणीतरी सावकाश उतरलं.

आत्ता उठलं, चार ढांगा टाकल्या, हाक मारली, तर घर उघडून घ्यायला अजून वेळ होता. कोण आहे बे, घर बंद नाही ते, मी हाये. हे सगळं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दाराकडे मान वळवलीसुद्धा.

अंधारातून वाढलेली पितळी सरकत आली आणि त्यांच्या पायाला लागून थांबली. डाव्या हाताला कुणीतरी टेकायला जागा शोधत होतं.

उत्तमरावांनी पाय पोटाशी घेतले आणि उजवीकडे थोडं सरकून जागा करून दिली.